जुनाट आजार आणि क्लिनिकल ट्रायल: पहिल्या फोनपासून शेवटच्या गोळीपर्यंत

"एक ट्रायल सुरू होतेय, तुमचं नाव कळवू का?" डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला त्यातलं एकच ऐकू आलं: नवीन औषध. १२ वर्षं रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, अंगावर वागवल्यावर दुसरं काय ऐकू येणार? सकाळी उठल्यावर मूठ मिटायला पाऊण तास लागत होता. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. कशाला हो म्हटलंय ते पुढचे दोन महिने हप्त्याहप्त्याने कळत गेलं.

पहिल्या ट्रायलमध्ये मला घेतलंच नाही. दुसरीत ५२ आठवडे काढले. तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक फोन करून विचारतात, मी प्रत्येकाला तेच ते सांगते. म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय. उदाहरणं माझ्या आजाराची आहेत. दमा, मधुमेह, सोरायसिस, किडनीचा त्रास, पार्किन्सन्स असेल तर तपासण्या वेगळ्या असतील, पण वाट साधारण हीच.

मी डॉक्टर नाही. कुठलंही औषध सुरू किंवा बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१. आधी स्वतःची फाइल लावा

ट्रायलचा विचार नसला तरी हे काम कराच. जुनाट आजारात चार-पाच वर्षांत कागदांचा गठ्ठा होतो आणि हवा तो कागद नेमका त्यात सापडत नाही. पहिल्या भेटीत मला विचारलं, "मेथोट्रेक्सेट कधी सुरू झालं? शेवटचा डोस कधी बदलला?" मी म्हणाले, "झाली असतील की सहा-सात वर्षं." समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. तिथे 'असतील की' चालत नाही. डोस किती आठवडे स्थिर आहे यावरच तुम्ही आत की बाहेर ते ठरतं.

फाइलमध्ये एवढं हवं:

- निदान कधी आणि कशावरून झालं, तो पहिला रिपोर्ट किंवा डॉक्टरांचं पत्र
- आजवर घेतलेलं प्रत्येक औषध, त्याचा डोस, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख
- बंद का केलं? उपयोग झाला नाही, की सोसलं नाही?
- सध्याच्या सगळ्या गोळ्या. व्हिटॅमिन, वनौषधी आणि चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामकंसुद्धा
- वर्षभराचे रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी, घेतलेल्या लसी
- ओळखपत्र, आणि गरज पडल्यास ज्याला फोन करायचा त्या जवळच्या माणसाचा नंबर

यातली तिसरी ओळ बहुतेकांकडे नसते, आणि सगळ्यात जास्त विचारतात तीच. 'मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण आला नाही' अशांसाठी एक ट्रायल असते, 'मेथोट्रेक्सेट सोसलं नाही' अशांसाठी दुसरी. तुम्हाला कुठल्या दारातून आत जायचं ते त्या एका ओळीवर ठरतं.

मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. गोळीच्या पाकिटावर वार लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात. घरात दुसरं कोणी औषधं काढून देत असेल तर त्यांनाही तो वार पाठ असू द्या.

फाइलच्या जोडीला एक डायरी. रोज दोनच ओळी लिहा, जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. एक ओळ लक्षणाची: सकाळी सांधे किती वेळ आखडलेले होते. दुसरी ओळ एखाद्या कामाची. मी बाटलीचं झाकण निवडलं होतं. 'दुखणं १० पैकी ६' असं लिहिलेलं महिन्याभराने वाचलं तर काही बोध होत नाही. 'झाकण दाताने उघडलं' हे वाचलं की तो दिवस लख्ख आठवतो.

२. ट्रायल कशासाठी असते ते स्वतःला पटवून घ्या

इथे घाई करू नका. पुढची जवळजवळ सगळी निराशा या पायरीवर टळते.

ट्रायल म्हणजे एक प्रश्न. या आजाराच्या या टप्प्यावरच्या लोकांना हे औषध दिलं, तर न देण्यापेक्षा किंवा जुनं औषध देण्यापेक्षा काही फरक पडतो का? उत्तर आधीच माहीत असतं तर कोणी एवढा खटाटोप केला नसता. नेहमीच्या दवाखान्यात डॉक्टर तुमची तब्येत बघून डोस कमीजास्त करतात. ट्रायलमध्ये डोस, तपासण्या, भेटींच्या तारखा हे सगळं 'प्रोटोकॉल' नावाच्या जाडजूड दस्तऐवजात तुम्ही यायच्या आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला गुण येईलही. पण ती आखणी तुमच्यासाठी केलेली नसते, उत्तरासाठी केलेली असते. माणसं भली असतात, आपुलकीने विचारपूस करतात, आणि म्हणूनच हे विसरायला होतं.

आता प्लासिबो. बाहेरून औषधासारखीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी. "आजारी माणसाला खोटी गोळी देतात?" हा राग मलाही आला होता. माझ्या ट्रायलमध्ये सगळ्यांचं आधीचं मेथोट्रेक्सेट चालूच होतं. त्याच्या जोडीला काहींना नवीन गोळी, काहींना प्लासिबो. कोणाला काय, हे मलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. याला डबल ब्लाइंड म्हणतात. पहिल्या आठ आठवड्यांत माझं आखडणं पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आलं. मी चार जणांना फोन करून सांगितलं की नवीन गोळी लागू पडली. सगळं संपल्यावर कळलं, पहिले २४ आठवडे मी प्लासिबोवर होते.

मग बरं कशामुळे वाटलं? डायरी काढून पाहिली तर ट्रायलच्या आधीही दोनदा आखडणं असंच आपोआप उतरलं होतं. आपले आजार चढतात, उतरतात. आणि माणूस ट्रायलला जातो कधी, तर चढ अगदी टोकाला पोचलेला असताना. तिथून थोडा उतार यायचाच असतो. तेवढ्यात जे काही तोंडात टाकाल त्याला श्रेय मिळतं. शिवाय दर दोन-चार आठवड्यांनी कोणीतरी नीट तपासतंय, गोळ्या वेळेवर घेतल्या जाताहेत, त्याचाही परिणाम असतोच. हे सगळं वजा करून औषधाचा म्हणून जो फरक उरतो तो कळायचा तर शेजारी तुलनेला दुसरा गट लागतो. त्याला दुसरा उपाय नाही.

१९४८ सालच्या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड दिलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळालं. पण महिनोन् महिने मोठ्या डोसवर राहिलेल्या रुग्णांचे चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, आणि औषध थांबवलं की दुखणं परत हजर. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलचा निकाल छापून आला. औषधाचा साठाच इतका थोडा होता की सगळ्यांना देणं शक्य नव्हतं. मग १०७ रुग्णांची विभागणी नशिबावर, म्हणजे यादृच्छिक आकड्यांवर सोडली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती, तेव्हाचा प्रचलित उपचार तोच होता. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ जण गेले, दुसऱ्यात १४. कॉर्टिझोन आजही उपयोगी औषध आहे, मीही स्टेरॉइड घेतलेलं आहे. पण अंथरुणातून उठून चालणारी एक बाई बघून औषधाचं पुढचं सगळं कळत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तर 'माझ्या मावसभावाला फरक पडला' या वाक्याचं काय करायचं तेही कळतं.

टप्पा कुठला हे विचाराच. पहिल्या टप्प्यात साधारण २० ते १०० माणसं असतात. औषध सोसतं का, किती द्यायचं, एवढंच बघायचं असतं. दुसऱ्यात काही शे. तिसऱ्यात ३०० ते ३,०००, आणि मान्यतेचा निर्णय बहुधा त्यावरच होतो. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. जुनाट आजारवाल्यांनी या चौथ्याला कमी लेखू नये, कारण आपण औषध घेतो ते वर्षानुवर्षं. रोफेकॉक्सिब नावाचं सांधेदुखीचं औषध १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. का? तर मोठ्या आतड्यातल्या गाठी टाळण्यासाठी ते उपयोगी पडतं का, याची एक लांबलचक ट्रायल चालू होती. तिच्यात १८ महिन्यांपुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. १२ आठवड्यांच्या ट्रायलला हे कधीच दिसलं नसतं.

३. ट्रायल शोधा, पण नोंदणी क्रमांक बघूनच

सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमचे नेहमीचे तज्ज्ञ. स्वतः शोधायचं असेल तर सरकारी नोंदवह्या आहेत. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह २००० पासून आहे, भारताची सीटीआरआय २००७ पासून. निरनिराळ्या देशांच्या नोंदी जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर एकत्र शोधता येतात. आजाराचं इंग्रजी नाव टाका आणि फक्त भरती चालू असलेल्या ट्रायल निवडा. मग तीन गोष्टी वाचा: कोणाला घेणार, कोणाला घेणार नाही, आणि यशाचं मुख्य माप काय. बाकीचा मजकूर पहिल्या वाचनात डोक्यावरून जातो. जाऊ द्या.

इथे दोन खड्डे आहेत. नोंदवहीत नाव असणं म्हणजे सरकारने शिक्का मारला असं नसतं, नोंद करणाराच माहिती भरतो. आणि भाग घेण्यासाठी तुमच्याकडे पैसे मागत असतील तर पर्स मिटा आणि उठा. सिद्ध न झालेले स्टेम सेल उपचार याच पद्धतीने, नोंदवहीतला क्रमांक दाखवून, पैसे घेऊन विकले गेले आहेत. ट्रायलच्या औषधाचा आणि ट्रायलपुरत्या तपासण्यांचा खर्च सहसा सहभागी माणसावर पडत नाही. उलट येण्याजाण्याचा खर्च मिळतो का, हे तुम्ही विचारायचं.

४. पात्रतेच्या तपासण्या: नापास झालात तरी नापास नाही

रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. माझ्या आजारात क्षय आणि कावीळ बी-सी यांच्याही तपासण्या झाल्या, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं शरीरात झोपलेला संसर्ग जागा करू शकतात. गर्भधारणेची तपासणी असते. ट्रायलच्या काळात गर्भनिरोधन पाळायची अटही असते, काही वेळा पुरुषांनाही.

पहिल्या ट्रायलने मला परत पाठवलं ते यकृताच्या एका तपासणीवरून. आकडा मर्यादेच्या किंचित वर होता, इतका किंचित की घरी येऊन मी रडले. बाहेर बसलेल्या एका गृहस्थांनी आधीच कानमंत्र दिला होता: "वेदनाशामकांचं सांगूच नका, लगेच काढून टाकतात." त्यांचं ऐकलं नाही तेच बरं केलं. ज्या यकृतावर आधीच ताण आहे त्यावर नवीन, अर्धवट माहितीचं औषध चढवायचं, आणि तेही डॉक्टरांना अंधारात ठेवून? काही लपवलंत तर जीव तुमचा धोक्यात येतो, आणि उत्तरही खोटं निघतं. एकाच वेळी दोन ट्रायलमध्ये नाव घालणं हाही त्यातलाच प्रकार.

परत पाठवलं तर कारण विचारा आणि लिहून घ्या. काही अटींवर थोड्या काळाने पुन्हा तपासणी करता येते. 'वॉशआउट' हा शब्द कानावर पडला तर मात्र नीट समजून घ्या. जुनं औषध अंगातून निघून जावं म्हणून काही आठवडे ते बंद ठेवतात, आणि त्या काळात आजार उसळू शकतो. कामावरची रजा, घरातली मदत यांची सोय त्याआधी लावा.

५. संमतीपत्रक घरी न्या

माझं २३ पानांचं होतं. को-ऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, "वाचा सावकाश," पण खुर्ची दारात होती आणि मागे रांग. मी सही करायच्या बेतात होते. धाकटी बहीण बरोबर होती, तिने कागद उचलला, पिशवीत टाकला आणि म्हणाली, "आम्ही परवा येतो." कोणीही काही बोललं नाही. तो तुमचा हक्कच आहे. घाई करणाऱ्या जागी सही करू नका.

हा हक्क उगाच मिळालेला नाही. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेचं पहिलंच कलम आहे की माणसाची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक. १९६४ मध्ये हेलसिंकी घोषणापत्र आलं. तरीही अमेरिकेत टस्कगी इथे सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून १९७२ पर्यंत नुसतं न्याहाळत ठेवलं. मधल्या काळात पेनिसिलिन उपलब्ध झालं, तेही त्यांना दिलं नाही. त्यांना धड सांगितलंही नव्हतं. आज तुमच्या हातात जे २३ कंटाळवाणे कागद येतात ते त्यावरून शहाणं होऊन आलेले आहेत.

घरी वाचताना पेन्सिलीने खुणा करा आणि हे प्रश्न विचारायला न्या:

- माझं आत्ताचं औषध चालू राहणार का? प्लासिबो मिळाली आणि त्रास वाढला तर कितव्या आठवड्यात सुटका?
- किती भेटी, प्रत्येक भेट किती तासांची, उपाशीपोटी यायचं का?
- आतापर्यंत किती माणसांना हे औषध दिलंय? सगळ्यात जास्त दिसलेला त्रास कोणता आणि सगळ्यात गंभीर कोणता?
- औषधाने इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार?
- माझं रक्त उरलं तर त्याचं काय करणार? माहिती कोणाकोणाला दिसणार?
- ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का?

भरपाईचं उत्तर तोंडी घेऊ नका, पान नंबर विचारा. कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, ती बघा. सही केलेली प्रत तुमच्याकडे ठेवा. त्यात एथिक्स कमिटीचा नंबरही असतो. ही समिती ट्रायल चालवणाऱ्यांपासून वेगळी असते, तक्रार करायची तर तिथे. मध्येच औषधाबद्दल नवीन काही कळलं तर सुधारित पत्रकावर पुन्हा संमती घेतात. दुसऱ्यांदा समोर आलेला कागदही पहिल्यासारखाच वाचा.

६. फेऱ्या सुरू झाल्यावर

दर भेटीला एक डॉक्टर माझे २८ सांधे दाबून बघायचे. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची पेरं, गुडघे. अंगठ्याने हलकेच दाबायचं, "दुखतं?" विचारायचं, सूज चाचपायची, पुढचा सांधा. पाच मिनिटांत हिशेब पूर्ण. माझं सगळ्यात जास्त काय दुखत होतं? पायाचे चवडे. पहिल्या भेटीत मी मोजे काढून बसले, तर ते म्हणाले, "पाय यात येत नाहीत." खरंच येत नाहीत. त्या २८ च्या यादीत घोटाही नाही आणि पावलंही नाहीत. माप सगळ्यांसाठी एकसारखं हवं म्हणून आखडतं घेतलेलं आहे आणि त्याची कारणं आहेत. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा पक्कं समजलं की ट्रायल जे मोजते ते आणि मी जे भोगते ते यांचा मेळ अर्धामुर्धाच बसणार. पायांचं मी माझ्या डायरीत लिहीत राहिले, आणि दर भेटीत तोंडानेही सांगत राहिले. त्यांनी ते टिपून घेतलं.

मग ती रेघ. दहा सेंटिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही', उजव्या टोकाला 'कल्पना करता येणार नाही इतकं'. खूण करायची. मागच्या वेळी कुठे केली होती ते आठवून खूण करू नका, आणि समोरच्यांना बरं वाटावं म्हणून डावीकडे तर मुळीच सरकू नका. हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला, कारण त्या मुली फार गोड होत्या.

गोळ्यांची रिकामी पाकिटं परत न्यायची असतात. तिथे मोजतात. चुकलेली गोळी चुकली म्हणून सांगा. उरलेल्या गोळ्या फेकून देऊन 'सगळ्या घेतल्या' म्हणालात तर औषध आहे त्यापेक्षा निकामी ठरतं, आणि ते पुढे तुमच्याच आजाराच्या लोकांना भोवतं. रोजनिशी दिली असेल तर रोज भरा. आदल्या रात्री एकाच पेनाने दोन आठवडे भरलेली रोजनिशी त्यांना लांबून ओळखू येते.

आपण कुठल्या गटात आहोत याचा अंदाज बांधत बसू नका. गोळीची चव बघणारे, फोडून बघणारे लोक असतात. बरोबर निघालात तरी फायदा काहीच नाही.

फेऱ्यांचा शीण धरून चाला. एक भेट म्हणजे माझा पूर्ण दिवस जायचा आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून यायचं. आखडलेल्या सांध्यांनी सकाळी आठला उपाशीपोटी पोचणं हा वेगळाच पराक्रम आहे. दुपारची वेळ मिळते का ते आधीच विचारा. अनेकदा रक्त सकाळी लागतं, बाकीचं नंतर चालतं.

७. नेहमीचे डॉक्टर सोडू नका, आणि कार्ड खिशात ठेवा

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. 'आता तिथले डॉक्टर बघतात की' म्हणून लोक रक्तदाबाची तपासणी, डोळ्यांची तपासणी, दात सगळं थांबवतात. ट्रायलवाले प्रोटोकॉलमधलंच बघतात. तुमचे नेहमीचे डॉक्टर तुम्हाला बघतात. दोघांना एकमेकांची माहिती हवी. पत्र मागून घ्या आणि स्वतः नेऊन द्या, पोचेल म्हणून सोडू नका.

ट्रायलचं एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर ट्रायलचं नाव आणि चोवीस तास चालणारा नंबर असतो. ते पाकिटात पुढेच ठेवा. अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांनी त्या नंबरवर फोन केला पाहिजे. जिवावर बेतलं आणि उपचारासाठी गरज असेल तर तुम्ही काय घेताय ते तिथल्या तिथे उघड करण्याची सोय प्रत्येक ब्लाइंड ट्रायलमध्ये ठेवलेली असते.

लहानसहान त्रासही सांगा. तोंड आलं, केस गळले, झोप उडाली. 'याचा काय संबंध' हे तुम्ही ठरवायचं नाही. घसरून पडून हात मोडला आणि दवाखान्यात राहावं लागलं तरी ट्रायलच्या भाषेत ती 'गंभीर घटना' असते, आणि ती तातडीने कळवावी लागते. कारण कदाचित चक्कर गोळीने आली असेल. दंतवैद्याने लिहिलेलं अँटिबायोटिक, कुठलीही लस, सर्दीची गोळी, हे घेण्याआधी फोन करा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना जिवंत विषाणूंच्या लसी सहसा टाळतात.

८. मध्येच सोडायचं झालं तर

कधीही सोडता येतं, कारण न देता. तुमच्या नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये.

पण गायब होऊ नका. फोन उचलायचं बंद करून सुटणारे खूप असतात. सोडणं त्यात होतं, पण औषध एकदम थांबवण्यात धोका असू शकतो. स्टेरॉइड तर डॉक्टरांशिवाय एकदम बंद करायचंच नाही. शेवटची एक तपासणी करून द्या. 'औषध थांबवते, पण फोनवर तब्येत सांगत राहीन' असा मधला मार्गही असतो, तो विचारा. त्रास झालेले लोक गुपचूप निघून गेले आणि बरे वाटणारेच उरले तर औषध फारच गुणकारी दिसायला लागतं.

९. संपल्यावर

शेवटच्या भेटीत मला वाटलं होतं कोणीतरी सांगेल, तुम्ही अमुक गटात होतात. तसं होत नाही. सगळ्या केंद्रांवरच्या सगळ्या सहभागींचं काम संपून आकडे पक्के झाल्याशिवाय गट उघड करत नाहीत. मला वर्षाहून जास्त थांबावं लागलं, आणि तेही मी दोनदा आठवण केली म्हणून. कळवा असं लेखी देऊन ठेवा. एकूण निकाल नोंदवहीत त्याच क्रमांकावर शोधा.

औषध थांबण्याचा दिवस आधीच ठरलेला असतो, त्यामुळे पुढे काय घ्यायचं हे नेहमीच्या डॉक्टरांबरोबर महिनाभर आधी ठरवा. मी ते केलं नाही. २४ आठवड्यांनंतर मला खरं औषध सुरू झालं होतं आणि त्याने सूज खरोखरच उतरली होती. चवडेसुद्धा हलके झाले होते, ज्यांना कोणी मोजलं नव्हतं. शेवटच्या गोळीनंतर तिसऱ्या आठवड्यात झाकण पुन्हा दाताने उघडायला लागले, आणि तज्ज्ञांची भेट मिळाली सहाव्या आठवड्यात.

आणि शेवटची गोळी कुठल्या तारखेला घेतली ते फाइलमध्ये लिहा, औषधाच्या नावासकट. नाव नसेल तर निदान कोड नंबर आणि ट्रायलचा नोंदणी क्रमांक. पुढच्या ट्रायलला गेलात तर पहिल्या पाच प्रश्नांत तो एक असतोच, आणि तेव्हा 'झाले असतील की सहा-सात महिने' म्हटलं की समोरच्या बाई पेन खाली ठेवतात.